दादांचा गळा

तपासणीसाठी सिरीजमध्ये लावलेला बल्ब भक्कन पेटला आणि सत्यशीलाचा हात बटणावरच राहिला. क्षणभर कोठीची खोली पिवळी झाली. मग बल्ब मंदावत गेला, आतली तार तेवढी लालसर उरली आणि तीही विझली. सत्यशीलाने श्वास सोडला. आत कुठे शॉर्ट असता तर बल्ब तसाच ढणढणत राहिला असता आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून उकलत बसावं लागलं असतं.

दुपारचे अडीच वाजले होते. खोलीत एका बाजूला सोयाबीनची पोती रचलेली, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, आणि मशीनच्या फळीवर ते खोकं. बंद पडलेल्या इन्व्हर्टरचा पत्रा तिने धुऊनपुसून घेतला होता आणि त्यात चार महिन्यांत एकेक वस्तू बसवून ॲम्प्लिफायर जोडला होता. जड ट्रान्सफॉर्मर, दुधाच्या ग्लासाएवढे दोन कॅपॅसिटर, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर आवळून बसवलेले चार पावर ट्रान्झिस्टर, आणि बारीक आवाज उचलून घेणारी सर्किटची एक छोटी पाटी. पाटीवरच्या तांब्याच्या रेघासुद्धा तिने स्वतःच मार्करने काढून ॲसिडमध्ये खोदल्या होत्या.

तिने स्पीकरला कान लावला. आत गुणगुण होती, लांबच्या विजेच्या डीपीसारखी. ती तिला खपणार नव्हती. बटण बंद करून ती अर्थिंगच्या तारा पाहू लागली. एक तार दोन वाटांनी पत्र्याला टेकत होती. तिने ती तोडली, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच नटाखाली आणल्या आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा कान लावला. काहीच नाही. स्पीकर चालू होता आणि त्यात काहीच नव्हतं. खेड्यातल्या घरात इतकी निखळ शांतता तिने कधी ऐकली नव्हती. ती तशीच कान लावून बसून राहिली.

घरात सगळ्यांना वाटायचं, दुपारी ती ब्लाउज शिवते. सोल्डरिंगच्या वेळी राळेचा वास यायचा तेव्हा सासू भिवराबाई म्हणायची, डासांसाठी धूप घातला वाटतं पोरीनं. खरं काय ते फक्त नवऱ्याला, प्रविणला माहीत होतं. केजला त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि तिची कुरिअरची पार्सलं तिथेच यायची. तो ती भाजीच्या पिशवीत तळाला घालून आणायचा आणि काही न बोलता तिच्या हाती द्यायचा. हे कशाला, असं त्याने एकदाच विचारलं होतं. करून बघायचंय, असं ती म्हणाली होती. त्यापुढे त्याने विचारलं नाही. तो तसाच माणूस होता. आडवाही यायचा नाही आणि पुढेही व्हायचा नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला दोनच मुली होत्या, सत्यशीला आणि वनमाला. सत्यशीला वर्गात पहिली आली आणि निकालानंतर महिन्याभरात उत्तरेश्वररावांच्या घरात सून म्हणून आली. ते तीन वेळा सरपंच, पुढे पंचायत समितीवर. सगळा गाव त्यांना दादा म्हणायचा. या घरातली सून कामासाठी उंबरा ओलांडत नाही, हा नियम तिला कुणी कधी सांगितला नाही. सांगितला नसल्यामुळे त्यावर कुणाशी भांडताही आलं नाही. मुलगी राजनंदिनी मागच्या उन्हाळ्यात कॉलेजसाठी संभाजीनगरला गेली, आणि मोकळ्या झालेल्या दुपारी सत्यशीला कोठीच्या खोलीत येऊन बसू लागली.

दादांचा आवाज गेला त्याला आता चौदा महिने झाले होते. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण ज्या आवाजाने माणूस पारापासून शाळेपर्यंत हाक मारायचा त्याची कुजबुज उरली. कुणीकुणी मेळ्यातले, मोबाइलच्या दुकानातले माइकवाले डबे आणून दिले. त्यांतून नुसती फरफर आणि शिट्टी निघायची. दादांनी ते डबे परत पाठवले आणि बैठकीत बसणंच सोडलं. आतल्या खोलीत पलंगावर बसून ते स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचे. एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की माणूस. सत्यशीला हातातलं काम टाकून धावायची.

त्या दुपारी वाटी किती वेळा वाजली ते तिला कळलंच नाही. कानाशी स्पीकर होता. मान वर केली तेव्हा दादा दारात उभे होते, भिंतीला हात टेकून.

ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरताना हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. दादांनी पोत्यांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग उघड्या खोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय हाय?" ते कुजबुजले.

"ॲम्प्लिफायर हाय, दादा."

"कुणी आणला?"

"आणला न्हाई. मी केलाय."

आता रागावतील, म्हणून ती खाली पाहत राहिली. दादा आत आले आणि एका पोत्यावर बसले. त्यांचा श्वास लागला होता. फळीवर त्यांच्याच प्रचाराच्या काळातला जुना माइक पडला होता; चाचणीला लागेल म्हणून तिनेच तो पेटीतून काढला होता. दादांनी तो उचलून मांडीवर घेतला.

"माझा आवाज निघंल का यातनं?"

तिने माइकची पिन त्या छोट्या पाटीला जोडली, हाताला सवय असावी तशी एक चकती फिरवली, दुसरी मागे घेतली आणि मानेने खूण केली. दादांनी माइक ओठांजवळ नेला. मग ते म्हणाले, "भिवरे."

शब्द स्पीकरमधून निघाला आणि खोलीभर झाला. आवाज पहिल्यासारखा नव्हता. घोगरा होता, कुजबुजच होती, पण उंबऱ्याबाहेर गेली, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शिरली. भिवराबाई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दाराशी थबकली. ती नवऱ्याकडे पाहत होती आणि पिठाचे हात तसेच वर धरून रडत होती. दादांनी पुन्हा एकदा तिचं नाव घेतलं. मग माइक बाजूला ठेवून त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

लग्न झाल्यापासून या घरात इतका आनंद सत्यशीलाला झाला नव्हता, हे खरं आहे. तो खोटा नव्हता. संध्याकाळी प्रविण आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

पुढच्या चार-सहा दिवसांत खोकं कोठीतून बैठकीत गेलं. दादांची कुजबुज जिथे तुटते तिथे उचलायची, श्वासाची फरफर कापायची, माइकला स्पीकरचा आवाज लागून शिट्टी होऊ द्यायची नाही, हे सगळं तिने रोज थोडं थोडं जमवत नेलं. माणसं पुन्हा येऊ लागली. जिल्हा परिषदेची, कारखान्याची, बांधाची, सोयरिकीची बोलणी पुन्हा दादांसमोर होऊ लागली. एक स्पीकर अंगणात लागला. मग दादांनी दुसरा स्वयंपाकघरात लावायला सांगितला. वाटी वाजवायला नको म्हणून. तिनेच खिळा ठोकला, तिनेच वायर ओढली.

आता दादा बैठकीत बसल्या जागी बोलायचे आणि ते चुलीपाशी तिच्या कानाशी यायचं. "पाच चहा." "पाणी." "सत्यशीला, ये इकडं, शिट्टी वाजायलीय." वाटीचा आवाज कधीतरी थांबायचा तरी. हा स्पीकर दादा बोलत नसतानाही चालूच असायचा. त्यांचा श्वास, खोकला, कूस बदलल्यावर होणारी गादीची खसखस, सगळं भाकरी थापताना तिच्याभोवती असायचं. आणि शिट्टी झाली की दादा दुसऱ्या कुणाला खोक्याला हात लावू द्यायचे नाहीत.

याच दिवसांत वनमालाचा फोन आला. ती आता अंबाजोगाईच्याच एका खाजगी आयटीआयमध्ये शिकवत होती. सत्यशीलाने तिला पाटीचे फोटो पाठवले होते, सहज, आपण काय केलं ते कुणाला तरी दाखवावं म्हणून. वनमालाने ते प्राचार्यांना दाखवले. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाला जूनपासून शिक्षक नव्हता. आठवड्यातले चार दिवस तासांवर यायचं, पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले होते. दोन आठवड्यांत, पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्यानंतर ते दुसरं माणूस घेणार होते.

सत्यशीलाने आधी प्रविणला विचारलं. दादांना विचार, असं तो म्हणाला. दोन दिवस ती शब्द जुळवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बैठक रिकामी पाहून दादांसमोर उभी राहिली.

"अंबाजोगाईच्या आयटीआयमधी शिकवायला बोलिवलंय मला. आठवड्यातले चार दिवस. सैपाक करून जाते, चारच्या गाडीनं परत येते."

दादा रागावले नाहीत. त्यांनी विचार केला, खरोखर केला, मग सवयीने माइक ओठांशी नेला. त्यामुळे त्यांचं उत्तर अंगणात आणि स्वयंपाकघरातही गेलं, आणि गोठ्यात शेण काढणाऱ्या बायनाबाईनेही ते ऐकलं.

"मास्तरीण व्हायला लई जणी मिळतील. माझा गळा तू एकटी हायस."

ते मायेने बोलले होते. सत्यशीला चहाचे कप उचलून आत आली.

पण ती एकदम गप्प बसली असंही नाही. तिने प्रविणला शिकवायचं ठरवलं. चकत्यांवर नेलपॉलिशने लाल, हिरवे ठिपके दिले, कागदावर लिहून दिलं, तीन दिवस सकाळी त्याला शेजारी बसवलं. चौथ्या दिवशी ती मुद्दाम आत राहिली आणि तो एकटा बसला. समोर चार माणसं होती. दादांनी तोंड उघडलं आणि शिट्टी झाली. प्रविणने लाल फिरवली, मग हिरवी, मग दोन्ही. शिट्टी वाढतच गेली आणि माणसांनी कानांवर हात ठेवले. दादांनी माइक खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ते जेवलेही नाहीत. शेवटी सत्यशीला आली, तिने एक चकती पाव फेरा मागे घेतली आणि सगळं शांत झालं.

रात्रीची जेवणं झाल्यावर प्रविण तिच्याजवळ येऊन बसला. आपल्याच्याने ते होणार नाही, हे त्याने कबूल केलं. मग चटईची काडी उसवत म्हणाला, "तरी बी तू जा. रविवारचा कार्यक्रम झाला की मी सांगतो दादाला. सोमवारी मी तुला ष्टँडवर सोडतो."

एकोणीस वर्षांत तो असं काही पहिल्यांदाच बोलत होता. तिने वनमालाला कळवलं, सोमवारी येते. कपाटातून एक निळी साडी काढून इस्त्री केली आणि पुन्हा कपाटातच ठेवली, पण वरच्या बाजूला.

रविवारी दादांची सत्तरी होती. अंगणात मंडप, तीनशे माणसांचं जेवण, तालुक्यातले लोक, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच दादांचं भाषण. शनिवारी सकाळी सत्यशीलाने खोकं उघडून सगळं तपासायला घेतलं. एकेका जोडाला लाकडी काडीने हलवून पाहत होती. पावरच्या वायरीपाशी काडी थांबली. तिथला सोल्डरचा डाख कच्चा होता. वरून चमकत होता, आत धरलाच नव्हता. तिच्याच हातचा. आज चालला असता, कदाचित महिनाभरही चालला असता. पण तीनशे माणसांपर्यंत आवाज न्यायचा म्हणजे खोकं चांगलंच तापणार होतं, आणि तापलं की तो जोड सुटणार होता.

ती काडी धरून बसली. तिला काही करायचं नव्हतं, फक्त झाकण लावायचं होतं. उद्या भाषण मध्येच बंद पडलं असतं, खोकं गेलं असतं, आता हे होत नाही असं ती म्हणाली असती, आणि जे दुरुस्त होत नाही त्याच्यापाशी कुणाला बसवून ठेवता येत नाही. कुणाला कळलंही नसतं. आत स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर काही नव्हतं, कारण खोकं तिच्यापुढे उघडं होतं. कितीतरी दिवसांनी घर शांत होतं.

मग तिने सोल्डरिंग लावलं. जुना डाख वितळवून काढला, वायर घासली, नवा दिला आणि तो गार होईपर्यंत वायर हलू दिली नाही. कच्चा जोड आत ठेवून झाकण लावणं तिला जमलंच नसतं. ते दादांसाठी नव्हतं, हे तिला तेव्हा पक्कं माहीत होतं. आणि तिला जायचंच होतं, सोमवारी, सरळ दारातून.

रविवारी अकरा वाजता मंडप भरला. स्टेजच्या बाजूला कनात बांधून बायकांची जागा केली होती. खोकं कनातीच्या कडेला एका स्टुलावर ठेवलं होतं आणि त्यापाशी सत्यशीला. तिला फटीतून दादा दिसत होते. हार झाले, फेटे झाले, चार माणसं बोलली. मग दादा उभे राहिले आणि मंडप एकदम गप्प झाला. लोकांना वाटत होतं, काही ऐकू येणार नाही.

"मंडळी," दादा म्हणाले. तो शब्द पार मागच्या रांगेपर्यंत गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते हळूहळू बोलत होते. आजारपण, गाव, गेलेली माणसं. दर वाक्याला श्वास पुरत नव्हता, आणि जिथे पुरत नव्हता तिथे सत्यशीलाची बोटं चकतीवर हलत होती. तिला आता त्यांच्या श्वासाची चाल पाठ झाली होती. हीटसिंकवर तिने तळवा ठेवून पाहिला. ऊब होती, चटका नव्हता. कुठे गुणगुण नव्हती, खरखर नव्हती. चार महिने तिला असाच आवाज हवा होता.

"आता एक सांगायचंय," दादा म्हणाले. "ह्यो जो आवाज तुमी ऐकायलाव, ह्यो माझा न्हाई. माझ्या सुनंनं तयार केलाय. सोताच्या हातानं."

बायकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर ऊन आल्यासारखं झालं. इतक्या माणसांत तिचं काम कुणी तिच्या नावाने सांगेल, हे तिला कधी वाटलं नव्हतं.

"तिला अंबाजोगाईला शिकवायला बोलावणं आलतं. मास्तरीण म्हणून. पण आपल्या सासऱ्याचा गळा बंद पडंल म्हणून त्या पोरीनं ती नोकरी..."

तिथे दादांचा श्वास संपला. डोळेही भरून आले असावेत. पुढचा शब्द ओठांवर नुसता हवेसारखा आला. आणि सत्यशीलाची बोटं, ज्यांना तीन आठवडे तेवढंच काम होतं, आपोआप फिरली आणि त्यांनी तो उचलला.

"...सोडली."

मंडपाने टाळ्या वाजवल्या. त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. शेजारी बसलेल्या कौशल्याबाईने, दादांच्या थोरल्या बहिणीने, सत्यशीलाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि आपल्या सुनांना म्हणाली, बघा गं, शिका काई तरी. स्टेजजवळ उभा असलेला प्रविणही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांबरोबर, सवयीने. मग त्याला फटीतून ती दिसली आणि त्याचे हात एकमेकांजवळ तसेच राहिले.

पंगती बसल्या, उठल्या. ज्या बाया आयुष्यात तिच्याशी बोलल्या नव्हत्या त्या येऊन तिचा हात धरून गेल्या. एका पुढाऱ्याच्या बायकोने तिच्यासोबत फोटो काढून घेतला. भिवराबाईने सगळ्यांदेखत तिला स्वतःच्या हाताने जिलबी भरवली. सत्यशीलाने ती खाल्ली.

चार वाजता मंडप रिकामा होऊ लागला. प्रविण खुर्च्या एकात एक घालत तिच्यापर्यंत आला. वर पाहिलं नाही.

"उद्याचं मी दादाला..." तो म्हणाला. "आज रात्री बोलूनच बघतो म्हणलं."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वनमालाला मी सांगते."

तो खुर्च्या उचलून गेला. तिने फोन काढला, दोन शब्द लिहिले, पाठवले.

आता वायरी आवरायच्या होत्या. स्टेजवर दादा अजून खुर्चीत होते, मांडीवर हार, हातात माइक, आणि शेजारी बसलेल्या कुणाला तरी रंगात येऊन काही सांगत होते. त्यांचा आवाज रिकाम्या मंडपात, पत्रावळींवर, अर्धवट सोडलेल्या दोऱ्यांवर फिरत होता. सत्यशीलाने बटण बंद केलं. आवाज लगेच गेला नाही. कॅपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर अजून तीन-चार शब्द आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक, आणि मग आले नाहीत. दादांना ते कळलं नाही. त्यांचे ओठ हलत राहिले, हातवारे चालू राहिले आणि शेजारचा माणूस मान डोलवत राहिला.

आत उरलेला करंट उतरल्याशिवाय वायरींना हात लावायचा नसतो. सत्यशीला स्टुलाशेजारी, पदर आवळून, थांबून राहिली.